चार नंबरचा भोंगा

तिने संगणकाच्या पडद्यावर बोट टेकवलं आणि त्याच दोन ओळी तिसऱ्यांदा वाचल्या. रविवार, दुपारी एक वाजून बेचाळीस मिनिटं वीस सेकंद: मशीन चार, तापमान मर्यादेबाहेर. एक बेचाळीस सत्तावीस: सूचना पोचली, भोंगा बंद केला, चालक अकरा. त्यापुढे मिनिटागणिक एक ओळ, आणि दर थोड्या ओळींनी मशीन चार आधीपेक्षा किंचित जास्त गरम. सदतीस नऊ. अडतीस. अडतीस एक. तीन तास बावीस मिनिटं पारा असा निवांत चढत गेला होता आणि मध्ये कुठेही माणसाच्या हाताची खूण नव्हती.

चालक अकरा म्हणजे मामा. या अंडी उबवणी केंद्रात त्यांना सव्वीस वर्षं झाली होती. खरं तर ते इथं कोणाचेच मामा नव्हते, म्हणूनच बहुधा सगळ्यांचे झाले होते. रविवारी उबवणीखोलीत ते एकटेच होते. दीड वाजून गेल्यावर त्यांनी चार नंबरचं दार उघडून आत नजर टाकली, दार लावलं, हात धुतले आणि भोंग्यापासून दहा पावलांवरच्या बाकावर डबा उघडून बसले. पाच वाजता जाता जाता त्याच दाराला हात लागला आणि ते नको तितकं ऊबदार लागलं. तोवर आतल्या एकोणीस हजार दोनशे अंड्यांचा खेळ आटोपला होता.

बाराव्या दिवसापासून अंड्यातला जीव स्वतःच ऊब टाकू लागतो. तिथून पुढे मशीनचं काम तापवण्याचं कमी आणि गार ठेवण्याचं जास्त. गार पाण्याची झडप अडकली होती. ती मेकॅनिकने आज सकाळी एका फटक्यात मोकळी केली. झडप अडकते, त्यात नवल नाही. भोंगा त्यासाठीच तर असतो. आता प्रश्न एवढाच होता की भोंगा वाजल्यावर मामांनी तो नुसताच बंद करून पुन्हा डब्यात हात घातला का. व्यवस्थापकांच्या मते याचं उत्तर लॉगमध्ये, मशीनच्या त्या नोंदींत, पांढऱ्यावर काळं लिहिलेलं होतं. त्यांनी सकाळीच एक कागद टाइप करून ठेवला होता. 'माझ्या निष्काळजीपणामुळे' अशी त्याची सुरुवात होती आणि तळाशी मामांच्या सहीला जागा होती. चार वाजता मामांनी सही करायची आणि उद्यापासून यायचं नाही. त्याला संगणक विभागाचा अहवाल जोडला की विषय संपला.

संगणक विभाग म्हणजे जिन्यावरची एक खोली, दोन टेबलं, ती आणि मास्तर. मास्तर कधीकाळी खरोखरच शाळेत शिकवत. ते सोडून वीस वर्षं झाली तरी कोणाचंही लिखाण हाती आलं की त्यांच्या खिशातलं लाल पेन आपोआप बाहेर येई. तिच्या रजेच्या चार ओळींच्या अर्जातही त्यांनी एकदा तीन दुरुस्त्या केल्या होत्या. असा माणूस आज सव्वानऊला तिच्या टेबलाशी येऊन म्हणाला होता, खोलात जाऊ नकोस, लॉग स्पष्ट आहे, दोन ओळी लिही आणि चारच्या आत साहेबांकडे दे. तेव्हापासून दर थोड्या वेळाने ते उठत, ग्लासभर पाणी पीत आणि पुन्हा जाऊन बसत. तिला वाटलं, उन्हाचा त्रास होत असेल.

दोन ओळी तिने लिहिल्याही असत्या. पण साडेदहाला मामा वर आले.

ते दारातच थांबले. डोक्यावरची पांढरी जाळीची टोपी काढून त्यांनी हातात धरली होती. त्यांनी मास्तरांकडे पाहिलं तर मास्तरांनी पडद्यात डोकं घातलं. मग ते तिच्या टेबलाशी आले.

"पोरी, भोंगा वाजला होता का?"

"तुमचा क्रमांक आहे, मामा. एक बेचाळीसला."

"ते साहेबांनी दाखवलं मला. बटणाचं नाही विचारत. वाजला होता का, तेवढं सांग."

"भोंगा बंद केला असं लिहिलंय," ती म्हणाली. "म्हणजे वाजलाच असणार."

मामांनी दोनदा मान हलवली. मग त्यांनी टोपीची घडी घालत घालत जे सांगितलं ते सांगायला त्यांना जड जात होतं. बायको वर्षभर म्हणत होती की दारावरची बेल तुम्हाला ऐकू येत नाही. नातवाला आजोबांना एकाला दोन हाका माराव्या लागत. त्यांनी ते हसण्यावारी नेलं होतं. पण भोंगा ऐकू आला नाही, शिवाय हात आपला आपण जाऊन बटण दाबून आला आणि डोक्याला त्याचा पत्ताच नाही, असं जर झालं असेल, तर मग नुसता कानांचा प्रश्न उरत नव्हता.

"सहीचं काही नाही गं," मामा म्हणाले. "लॉग म्हणतो तर करतो सही. माझ्यापेक्षा त्याची आठवण पक्की. पण घरी गेल्यावर गॅस बंद केलाय की नाही, हे मी कोणाला विचारायचं?"

जाताना त्यांनी सवयीने थोडी गंमत केली. सव्वीस वर्षांत एक बॅच वाया गेली नाही म्हणाले, आणि सुट्टी घ्यायची तर हात आखडायचा. यंदा घेतली ती एकच, गेल्या महिन्याच्या नऊ तारखेला, दाढ काढायला, आणि तिथेही दाढेपेक्षा इथलीच काळजी जास्त ठणकत होती. जिन्यावर त्यांची पावलं एकेक पायरी मोजत उतरताना तिला ऐकू येत राहिली.

मामांसाठी काही करावं असं तिला फार वाटलं आणि करण्यासारखं तिला एकच येत होतं, वाचणं. तिने वर्षभराच्या नोंदींतून चालक अकराच्या तेवढ्या ओळी वेगळ्या काढल्या. मामांचा हात एरवी कसा चालतो ते बघू, एवढाच हेतू होता. शेकडो ओळी होत्या. ती वरून खाली येत गेली आणि गेल्या महिन्याच्या नऊ तारखेवर थांबली. सकाळी दहा वाजून बारा मिनिटं: भोंगा बंद केला, चालक अकरा.

त्या वेळी मामा दाताच्या डॉक्टरसमोर आ वासून बसले होते.

बदलीवाल्याने आळस केला असेल, तिने स्वतःला समजावलं. खाली मशीनशेजारच्या बटणांच्या पाटीवर क्रमांक एकदा टाकला की कोणी बदलेपर्यंत तोच राहतो. बदलीवाल्याने मामांचाच क्रमांक ठेवून बटण दाबलं असेल. हे पटण्यासारखं होतं. पण रविवारी बदलीवाला नव्हता, आणि ती ओळ मात्र रविवारच्या ओळीची जुळी बहीण शोभत होती. तिने दोन्ही शेजारी ठेवल्या. नऊ तारखेला सूचना दहा बारा चारला, भोंगा बंद दहा बारा अकराला. सात सेकंद. रविवारी वीस ते सत्तावीस. तेही सात.

तिने कागद घेतला आणि सूचना आल्यापासून बटण दाबेपर्यंत किती सेकंद गेले, ते प्रत्येक ओळीसमोर लिहायला लागली. एकोणतीस. चौपन्न. सात. सात. बावीस. सात. छत्तीस. सात. हात धुऊन यायचं, ट्रे खाली ठेवायचा, कधी मामा खोलीच्या दुसऱ्या टोकाला, कधी अगदी जवळ. माणसाच्या हाताला असा वेळ कमी-जास्त लागणारच. सातांना मात्र कशानेच फरक पडत नव्हता. सकाळ असो, दुपार असो, दुखरी दाढ असो, सात म्हणजे सात. आणि पहिला सात आठ महिन्यांपूर्वीचा होता.

हा सात तिच्या ओळखीचा होता.

आठ महिन्यांपूर्वी याच मामांनी येऊन गाऱ्हाणं केलं होतं की भोंग्याने कान किटले. तपासायला दार उघडलं की बाहेरची गार हवा आत जाई, मशीनचा पारा पळभर खाली येई आणि भोंगा बोंबलायला लागे. दिवसात दोन-तीनदा तरी. तेव्हा तिने दहा ओळींचा एक नियम लिहिला. दार उघडून दहा मिनिटं झाली नसतील आणि फरक अर्ध्या अंशाहून कमी असेल, तर सूचना आपली आपणच 'पोचली' म्हणायची. पोचली कोणाला, ते रिकामं ठेवलेलं मशीनला चालत नव्हतं, म्हणून तिने शेवटच्या चालकाचा क्रमांक लावायला सांगितलं. भोंग्याच्या पेटीत पहिल्यापासून दहा सेकंदांचा उशीर होता, वीज लुकलुकली तरी बोंब नको म्हणून. त्या दहाच्या आतला कुठलाही आकडा चालला असता. त्या आठवड्यात तिची लेक सात वर्षांची झाली होती. तिने सात टाकला.

भोंगा शांत झाला तेव्हा मामांनी खाली सगळ्यांना चहा पाजला होता. तिचा कप त्यांनी स्वतः वर आणून दिला होता. पक्की दुरुस्ती होईपर्यंत दोन दिवसांसाठी म्हणून केलेला नियम होता तो. मग पक्की दुरुस्ती राहून गेली, आणि नियमाचं नावही कोणी काढलं नाही, तिने तर नाहीच नाही.

तिने पुन्हा रविवारच्या ओळी पाहिल्या. तापमान मर्यादेबाहेर. भोंगा बंद केला. या दोन्हींच्या मध्ये 'भोंगा वाजला' अशी ओळ नव्हती. रविवारीच नव्हे, कधीच नव्हती. लॉगमध्ये तशी नोंद होतच नसे. वाजायच्या आधीच तो बंद झाला होता, आणि सकाळी ती मामांना तोंडावर म्हणाली होती, वाजलाच असणार.

तरी एक गोष्ट बसत नव्हती, आणि बुडत्या माणसाच्या घाईने तिने ती धरली. नियम होता गार हवेसाठी. रविवारी मशीन गार झालंच नव्हतं, तापत होतं. मग नियम मध्ये पडलाच कसा? नसेलही पडला. दुसरं काही असेल. तिने आपल्या दहा ओळी उघडल्या आणि वाचल्या. स्वतःचं लिहिलेलं वाचताना डोळा हवं तेच वाचतो. तिला चूक दिसली नाही. पुन्हा वाचल्या. पलीकडे मास्तर पाणी पिऊन आले.

दीडच्या सुमारास फोन थरथरला. सासूबाई होत्या. लेक कालपासून तापाने घरी होती, आणि सासूबाईंनी एका वहीत वेळ, ताप, औषध असं सगळं शिस्तीत मांडायला घेतलं होतं.

"आत्ताच बघितला," त्या म्हणाल्या. "सकाळपेक्षा दीड डिग्रीचा फरक आहे."

"चढलाय की उतरलाय?"

"उतरलाय गं. चढला असता तर मी अशी निवांत बोलले असते का?"

मग त्यांनी लेकीने किती खाल्लं, किती थुंकलं, औषधाच्या बाटलीचं झाकण कसं चिकटलं ते सविस्तर सांगितलं. ती हं हं करत राहिली. फोन ठेवला तरी तिचा हात कानापाशीच राहिला. चढलाय की उतरलाय. आईच्या तोंडातून पहिला प्रश्न हाच येतो, तिच्याही आला होता. तिने तिसरी ओळ पुन्हा वाचली. नेमून दिलेलं तापमान आणि आताचं तापमान यांतला फरक अर्ध्या अंशाहून कमी असेल तर. नुसता फरक. वर की खाली, हे तिने मशीनला विचारलंच नव्हतं.

मामांनी दार उघडलं एक छत्तीसला. झडप नेमकी त्याच सुमारास अडकली. पारा तीन दशांश चढला, मशीनने इशारा दिला, तिच्या नियमाने पाहिलं की दार नुकतंच उघडलं होतं, फरक थोडका आहे, आणि मामांच्या नावाने सांगून टाकलं, पोचली. एकदा पोचलेली सूचना पारा ताळ्यावर येईपर्यंत पुन्हा वाजत नाही. पारा ताळ्यावर आलाच नाही.

तिला भीती वाटत होती, साधी, लहान मुलाला वाटते तशी. एकोणीस हजार दोनशे हा आकडा सकाळपासून दुसऱ्या कोणाचा होता, तो आता तिच्या मानेवर येऊन बसला. आणि मग तिच्या मनात जे आलं ते आलंच. नियम थांबवायला एकाच क्रमांकाची परवानगी लागे. बटण दाबायचं, नियम बंद. पुन्हा असं होणार नाही. अहवालात दोन ओळी, लॉग स्पष्ट आहे. मास्तरही तेच म्हणाले होते. या दहा ओळी उघडून वाचेल असं या इमारतीत कोण होतं? आणि मामांना निवृत्त व्हायला तरी किती वर्षं उरली होती? हा शेवटचा विचार आला तेव्हा तिला स्वतःचीच किळस आली, पण तो आला होता हे काही खोटं नाही.

तीनला दहा कमी असताना मामा पुन्हा दारात उभे राहिले. या वेळी त्यांनी टोपी घातलीच नव्हती. केस विंचरले होते.

"पेन आहे का गं एखादं? माझं मध्येच अडतं. साहेबांसमोर सही अर्धी राहिली तर बरं दिसत नाही."

तिच्या टेबलावर तीन पेनं होती. मामांना ती दिसत होती. तिने हात पुढे केला आणि पेनांवर ठेवून तसाच धरला.

"मामा, चारला मी येतेय ना तिकडे," ती म्हणाली. "तेव्हा देते."

"विसरशील."

"नाही विसरणार."

ते गेले. तिने नियम थांबवला. लॉगमध्ये लगेच ओळ उमटली: नियम बंद, क्रमांक तीन. मग तिने अहवाल लिहायला घेतला आणि दोन ओळींऐवजी दोन पानं लिहिली. रविवारची नोंद, दाढेचा दिवस, सातांची यादी, पेटीतले दहा सेकंद, नुसता फरक. नियम कोणी लिहिला: क्रमांक तीन. कोणी तपासला: क्रमांक एक. कुठलाही नियम चालू करायचा तर दोघांचे क्रमांक लागत, आणि एक म्हणजे मास्तर. तिला तो दिवस आठवत होता. दहाच ओळी आहेत ना, मास्तर खुर्चीतूनच म्हणाले होते, टाक. लाल पेन बाहेर आलं नव्हतं.

अहवालाला शेवटी एक यादी जोडावी लागे, घटनेनंतर हा लॉग कोणी कोणी उघडला त्याची. ती यंत्रच काढून देई, माणसाने फक्त छापायची. तिने छापली आणि पान वेळेवर पोचवायच्या घाईत नजर फिरवली. तिच्या नावाच्या ओळी साडेनऊपासून होत्या. पण त्यांच्या वरही चार ओळी होत्या. आज, सकाळी आठ एक्कावन्न: रविवारचा लॉग उघडला, क्रमांक एक. आठ अठ्ठावन्न: चालक अकराच्या वर्षभराच्या नोंदी काढल्या, क्रमांक एक. नऊ चार: नियम उघडला, क्रमांक एक. नऊ सहा: नियम बंद न करता फाइल मिटली, क्रमांक एक.

आणि सव्वानऊला ते तिच्या टेबलाशी आले होते.

तिला जे शोधायला दुपारचे दोन वाजले, ते मास्तरांना पंधरा मिनिटांत सापडलं होतं. मग दिवसभर ते पाणी पीत बसले होते, आणि मामा दोनदा त्यांच्या समोरून गेले होते. तिला राग आला. तिने त्यांच्याकडे पाहिलं. मास्तर ग्लास दोन्ही हातांत धरून बसले होते, ग्लास रिकामा होता. ते तिला वाचवत होते की स्वतःला, हे त्यांच्या पाठीवरून कळत नव्हतं. कदाचित त्यांनाही धड माहीत नसेल. तळाची ती यादी दुमडून आत घातली असती तर साहेबांनी विचारलंही नसतं. तिने तिन्ही पानं सरळ केली आणि टाचणी लावली.

"चला, मास्तर," ती म्हणाली. "चार वाजले."

व्यवस्थापकांच्या खोलीला एका बाजूने काच होती आणि काचेतून खालची उबवणीखोली दिसे, मशीनांची दारं, बाक, भिंतीवरचा भोंगा. मामा आधीच येऊन खुर्चीच्या कडेवर बसले होते. त्यांच्यासमोर तो टाइप केलेला कागद होता. तिने कबूल केलेलं पेन त्यांच्यापुढे ठेवलं, पण म्हणाली, आधी मी वाचते. व्यवस्थापकांनी घड्याळ बघितलं आणि थोडक्यात वाचायला सांगितलं.

थोडक्यात वाचणं तिला जमलं नाही. तिने ओळ अन् ओळ वाचली, तारखेसकट, सेकंदांसकट. सातांची यादी वाचताना व्यवस्थापक पुढे वाकले. भोंगा वाजायच्या आधीच बंद झाला होता हे वाक्य आलं तेव्हा मामांनी मान वर केली. त्यांचा हात नकळत कानाकडे गेला आणि तिथेच राहिला.

"नियम लिहिला, क्रमांक तीन," तिने वाचलं. "तीन म्हणजे मी. चूक माझी आहे, मामांनी काहीच केलेलं नाही. तपासला, क्रमांक एक."

व्यवस्थापकांनी मास्तरांकडे बघितलं. मास्तर खाली बघत होते. तिने पान उलटलं. आता तीच यादी उरली होती.

"घटनेनंतर लॉग उघडणारे. आज, सकाळी आठ..."

"पुढची ओळ मी वाचतो," मास्तर म्हणाले.

त्यांनी हात पुढे केला. तिने पान दिलं. त्यांनी चष्मा नीट बसवला आणि ते उभे राहिले, वर्गात उभं राहावं तसे, फक्त या वेळी त्यांच्यासमोर वर्ग नव्हता.

"आठ एक्कावन्न, लॉग उघडला, क्रमांक एक. आठ अठ्ठावन्न, अकराच्या नोंदी काढल्या, क्रमांक एक. नऊ चार, नियम उघडला." ते थांबले. "नऊ चारला कळलं. क्रमांक एक."

कळलं असा शब्द पानावर नव्हता.

व्यवस्थापकांनी टाइप केलेला कागद आपल्याकडे ओढून घेतला, मग त्याचं काय करावं ते न सुचून तसाच धरून ठेवला. ते काहीतरी बोलायला तोंड उघडत होते, एवढ्यात मामांनी बोट वर केलं, थांबा म्हणावं तसं.

"दोन नंबर," मामा म्हणाले.

"काय दोन नंबर?" व्यवस्थापकांनी विचारलं. "मला तर काही ऐकू आलं नाही."

तिलाही आलं नव्हतं. मग आलं, काचेपलीकडून, मशीनांच्या घरघरीखालून, बारीक. दार उघडलं म्हणून भोंगा वाजत होता, आठ महिन्यांनी पहिल्यांदा. खाली दुपारच्या पाळीवरची बाई दोन नंबरच्या दारात हातात ट्रे घेऊन गोंधळून उभी होती आणि इकडेतिकडे बघत होती.

मामा उठले. पेन टेबलावरच राहिलं. ते दारातून बाहेर पडले आणि जिना उतरायला लागले, या वेळी पायऱ्या न मोजता. तिने भिंतीवरच्या घड्याळाच्या सेकंदकाट्यावर नजर ठेवली. मामा खोलीत आले, बाईला हाताने राहू दे म्हणाले, बटणापाशी गेले. काचेतून त्यांची पाठ दिसत होती.

भोंगा एकेचाळीस सेकंद वाजला आणि थांबला.